ठिपक्यांचा माग
वाचकांचे प्रश्न : विज्ञान आणि तंत्रज्ञान

गेल्या अंकात रडारचे मूळ तत्त्व सांगितले होते. अँटेनातून रेडिओलहरींचा एक छोटा स्पंद सोडायचा, समोरच्या वस्तूवर आपटून तो परत येण्यास लागलेला वेळ मोजायचा आणि त्यावरून वस्तूचे अंतर काढायचे. लहरी प्रकाशाच्या वेगाने जात असल्यामुळे जाऊन-येऊन लागलेल्या वेळेतील दर मायक्रोसेकंदामागे १५० मीटर अंतर धरतात. त्यावर आलेल्या पत्रांत एक शंका वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली : जी वस्तू हलत आहे, तिचे काय? या वेळी तेवढाच विषय घेतला आहे.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, नाशिक) : विमानतळावरील रडारची अँटेना गोल फिरते. म्हणजे प्रत्येक फेरीत विमान तिच्यासमोर क्षणभरच येत असणार. मग आता दिसलेला ठिपका मघाच्याच विमानाचा आहे, हे रडारला कसे कळते?

उत्तर : खरे तर अँटेनाला ते कधीच कळत नाही. टेहळणी करणाऱ्या अशा रडारची अँटेना साधारण ५ सेकंदांत एक फेरी पुरी करते, म्हणजे सेकंदाला ७२ अंश फिरते. तिचा झोत दीड अंश रुंद धरला, तर एका विमानावरून तो सरकून जायला सेकंदाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा लागतो. रडार सेकंदाला १००० स्पंद सोडत असेल, तर त्या अवधीत विमानावर सुमारे २० स्पंद पडतात आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ झोत दुसरीकडे असतो. ताशी ४५० किलोमीटर वेगाने जाणारे विमान तेवढ्यात ६२५ मीटर पुढे गेलेले असते.

त्या २० प्रतिध्वनींतून दर फेरीला एक बिंदू तयार होतो : इतके अंतर, इतकी दिशा, अमुक वेळ. या क्षेत्रातील लोक त्याला ‘प्लॉट’ म्हणतात. अनेक फेऱ्यांतील प्लॉट एकमेकांना जोडून जी रेषा तयार होते, ती ‘ट्रॅक’. रानातल्या वाटेवर माग काढणाऱ्याला जनावर दिसत नसते, सुटे सुटे ठसे दिसतात आणि त्यांवरून तो चाल, वेग आणि रोख ओळखतो. रडारचे काम हुबेहूब तसेच चालते, आणि ते अँटेनात नव्हे तर तिच्यामागच्या संगणकात चालते. म्हणून वर्गात शिकवताना मी नेहमी सांगतो की अँटेना प्लॉट देते, ट्रॅक मात्र मांडावा लागतो.

पहिला प्लॉट आला तेव्हा त्यावरून काहीच ठरत नाही. तो पक्ष्यांचा थवा असेल किंवा यंत्रातलाच एखादा गोंगाट असेल. पुढच्या फेरीत जवळपास दुसरा बिंदू मिळाला, की दोहोंमधील अंतर आणि वेळ यांवरून वेग व दिशा यांचा एक कच्चा अंदाज बांधता येतो. त्या अंदाजाने संगणक तिसऱ्या फेरीत विमान कोठे असेल ते आधीच सांगतो आणि त्या जागेभोवती एक चौकट आखतो. तिला ‘गेट’ म्हणतात. तिसरा प्लॉट गेटमध्ये पडला, तर अंदाजाला बळ मिळते. पाच फेऱ्यांपैकी तीन वेळा असे घडले की ट्रॅक पक्का मानायचा, अशा स्वरूपाचा नियम बहुतेक ठिकाणी असतो, आणि आकडे गरजेनुसार बदलतात.

येथून पुढचा भाग मला संपूर्ण विषयात सर्वांत सुंदर वाटतो. नवा प्लॉट आला की संगणकाजवळ विमानाच्या जागेविषयी दोन विधाने असतात : एक स्वतःचे भाकीत आणि दुसरे ताजे मोजमाप. दोन्हींत चूक असू शकते. अंतर चांगले मोजले जाते, काही दशक मीटरांपर्यंत. दिशेचे तसे नाही. ६० किलोमीटरवर दीड अंशाचा झोत दीड किलोमीटरहून अधिक रुंद पसरलेला असतो, आणि त्याचा मध्य कितीही काळजीने काढला तरी अंशाच्या सातव्या-आठव्या हिस्स्याइतकी चूक राहिली, तर विमानाची जागा दीडशे मीटर बाजूला सरकते. म्हणून संगणक दोन्ही विधानांच्या मधली जागा घेतो. मधली म्हणजे बरोबर मध्यावरची नव्हे : ज्याच्यावर विश्वास अधिक, त्याच्या बाजूला अधिक झुकलेली. हा विश्वास किती ठेवायचा, हे प्रत्येक फेरीला नव्याने मोजून काढण्याची गणिती रीत हंगेरीत जन्मलेले अमेरिकी अभियंते रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली मांडली. अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरलेला काल्मान फिल्टर तो हाच, आणि आजही ट्रॅक ठेवणाऱ्या बहुतेक प्रणालींच्या गाभ्याशी त्याचेच एखादे रूप असते.

विमान वळते तेव्हा या रीतीची परीक्षा होते. प्रवासी विमानाचे प्रमाणित वळण सेकंदाला ३ अंशांचे असते. वरच्या उदाहरणातले विमान वळू लागले, तर पहिल्या फेरीअखेर ते सरळ रेषेतील भाकितापासून फक्त ८० मीटर बाजूला असते. दिशेच्या मोजमापातली चूकच दीडशे मीटरांची आहे, त्यामुळे हे वळण आहे की मोजमापाची चूक आहे, हे त्या क्षणी कोणालाही सांगता येणार नाही. दुसऱ्या फेरीअखेर मात्र फरक सव्वातीनशे मीटरांच्या आसपास जातो आणि शंका उरत नाही. म्हणजेच वळण ओळखायला रडारला किमान दोन फेऱ्या लागतात. तोवर पडद्यावरील ट्रॅक वळणाच्या बाहेरून जातो. जो फिल्टर मोजमापावर फार विश्वास ठेवतो, तो वळण लवकर पकडतो, पण सरळ जाणाऱ्या विमानाची रेषा नागमोडी करून टाकतो. जो भाकितावर विसंबतो, त्याची रेषा गुळगुळीत येते आणि वळण मात्र उशिरा कळते. आधुनिक प्रणाली यावर उपाय म्हणून ‘विमान सरळ जात आहे’ आणि ‘विमान वळत आहे’ अशी गृहीतके एकाच वेळी चालवतात आणि येणाऱ्या प्लॉटवरून त्यांचे वजन बदलत राहतात.

एखाद्या फेरीत प्लॉट आलाच नाही, तरी ट्रॅक लगेच पुसला जात नाही. भाकितावरच तो पुढे सरकवला जातो आणि गेट दर फेरीला थोडे मोठे केले जाते, कारण अनिश्चितता वाढत जाते. सलग काही फेऱ्या काहीच मिळाले नाही, तर मात्र तो सोडून द्यावा लागतो.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षक, पुणे) : दुसऱ्या महायुद्धात रडारने इंग्लंडला वाचवले असे वाचतो. त्या काळी संगणक नव्हते. मग हा माग कोण काढत असे?

उत्तर : माणसे, आणि त्यांत मोठ्या प्रमाणात तरुण स्त्रिया. फेब्रुवारी १९३५ मध्ये डॅव्हेन्ट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि आर्नोल्ड विल्किन्स यांनी विमानावरून परतलेल्या रेडिओलहरी टिपून दाखवल्या. त्यानंतर काही वर्षांतच इंग्लंडच्या किनाऱ्यावर ‘चेन होम’ या नावाची रडार-केंद्रांची साखळी उभी राहिली. तिच्या अँटेना फिरत नव्हत्या. उंच मनोऱ्यांवरून समुद्राच्या दिशेने लहरींचा पूरच सोडला जाई. अंतर बरे मिळे, दिशा मात्र बरीच चुकीची येई.

सर्व केंद्रांची मोजमापे लंडनच्या वायव्येस बेंटले प्रायोरी येथील ‘फिल्टर रूम’मध्ये टेलिफोनने येत. तेथे एका मोठ्या नकाशाच्या टेबलाभोवती हवाई दलाच्या महिला साहाय्यक दलातील स्त्रिया उभ्या असत. दिशेवर भरवसा ठेवता येत नसल्यामुळे शेजारच्या दोन केंद्रांनी दिलेली अंतरे घेऊन त्यांचे कंस जेथे एकमेकांना छेदतात ती जागा विमानाची, असे त्या ठरवत. शत्रूच्या विमानांच्या एकाच टोळीविषयी दोन केंद्रांकडून आलेली माहिती एकाच टोळीची आहे की दोन वेगळ्या टोळ्यांची, हा निर्णयही तेथेच होई. आज ज्याला आपण प्लॉटची सांगड घालणे म्हणतो, ते हेच.

नकाशावर ठेवायच्या खुणांचे रंगही विचारपूर्वक ठरवलेले होते. भिंतीवरील घड्याळाची तबकडी ५-५ मिनिटांच्या लाल, पिवळ्या आणि निळ्या पट्ट्यांत विभागलेली असे. त्या घटकेला काटा ज्या रंगावर असेल, त्याच रंगाची खूण ठेवायची. त्यामुळे टेबलाकडे नुसती नजर टाकली तरी कोणती माहिती ताजी आणि कोणती शिळी झाली ते कळत असे. मोजमापाला वय असते, हे तत्त्व इतक्या साध्या साधनाने राबवणाऱ्यांविषयी मला अपार आदर वाटतो. संगणक आल्यावर ही जागा यंत्राने घेतली, पण प्रश्न तेच राहिले आणि उत्तरांची रूपरेषाही बरीचशी तीच राहिली.

प्रश्न (एक वाचक, ठाणे) : दोन विमाने जवळून एकमेकांना ओलांडून गेली, तर रडारचा गोंधळ होणार नाही का?

उत्तर : होऊ शकतो. दोन गेट एकमेकांवर चढतात आणि आलेला प्लॉट दोन्हींत बसतो. सर्वांत जवळचा प्लॉट ज्याचा त्याला देणे ही सोपी पद्धत आहे, पण अशा वेळी ट्रॅकची अदलाबदल होते : पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाची ओळख उत्तरेकडे जाणाऱ्याला चिकटते. त्याहून चांगली पद्धत म्हणजे निर्णय लांबवणे. ‘हा प्लॉट पहिल्याचा’ आणि ‘हा प्लॉट दुसऱ्याचा’ या दोन्ही शक्यता पुढच्या काही फेऱ्या जिवंत ठेवायच्या. ओलांडून झाल्यावर विमाने पुन्हा दूर जातात, तेव्हा एक शक्यता सुसंगत ठरते आणि दुसरी आपोआप गळते. अडचण एवढीच की विमाने वाढली की शक्यता भराभर वाढतात, आणि कमी शक्यतेच्या फांद्या वेळोवेळी छाटाव्या लागतात. दोन विमाने बराच वेळ अगदी शेजारी-शेजारी उडत राहिली आणि मग वेगळी झाली, तर कोणते कोणते होते हे केवळ जागेवरून सांगता येत नाही. कोणत्याही गणिताने ती माहिती परत मिळत नाही, कारण ती मोजमापात आलेलीच नसते.

प्रश्न (एक वाचक, पाटण, जि. सातारा) : डोंगराचा प्रतिध्वनी विमानापेक्षा कितीतरी मोठा असणार. तो रडार कसा गाळते? आमच्याकडे वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांची फिरती पाती रडारला विमानासारखी वाटू शकतात का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ऑस्ट्रियाचे पदार्थवैज्ञानिक ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेल्या तत्त्वात आहे. जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता किंचित वाढते, दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतलेलीची घटते. हा ‘किंचित’ फारच किंचित असतो. १० सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारची लहर सेकंदाला ३०० कोटी आवर्तने करते. सेकंदाला १२५ मीटर वेगाने थेट रडारकडे येणाऱ्या विमानामुळे त्यात २५०० आवर्तनांची भर पडते, म्हणजे १२ लाखांत एकाची.

इतका सूक्ष्म फरक एका छोट्या स्पंदात मोजणे कठीण असते. म्हणून रडार एकामागून एक येणारे प्रतिध्वनी एकमेकांशी ताडून पाहते. डोंगरावरून आलेला पहिला आणि दुसरा प्रतिध्वनी यांत लहरीचे शिखर आणि दरी अगदी त्याच ठिकाणी असतात, त्यामुळे एकातून दुसरा वजा केला की बाकी जवळपास शून्य उरते. विमान मात्र दोन स्पंदांच्या मध्ये साडेबारा सेंटिमीटर सरकलेले असते, शिखरांची जागा बदललेली असते आणि वजाबाकीत विमान शिल्लक राहते. सह्याद्रीसारखा आडवा पसरलेला कडा अशा रीतीने पडद्यावरून नाहीसा होतो. त्याच्या पलीकडच्या दरीतले विमान मात्र त्यामुळे दिसू लागत नाही, कारण लहरी कड्यातून आरपार जात नाहीत.

या वजाबाकीत एक खोच आहे. दोन स्पंदांमधील काळात विमान नेमके अर्ध्या तरंगलांबीइतके, म्हणजे ५ सेंटिमीटर सरकले, तर जाण्या-येण्याचे मिळून एक पूर्ण तरंगलांबी बदलते आणि शिखर पुन्हा शिखराच्या जागी येते. अशा वेळी हलते विमानही डोंगराबरोबर वजा होते. सेकंदाला १००० स्पंद असतील तर ताशी १८० किलोमीटर आणि त्याच्या पटीतले सर्व वेग असे ‘आंधळे वेग’ ठरतात. उपाय म्हणून स्पंदांमधील अंतर मुद्दाम कमी-जास्त केले जाते, जेणेकरून एका अंतराला आंधळा असलेला वेग दुसऱ्या अंतराला दिसावा.

आणखी एक मर्यादा अशी की डॉप्लरला फक्त जवळ येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग कळतो. रडारपासून सारख्या अंतरावर राहून आडवे जाणारे विमान कितीही वेगवान असले तरी त्या क्षणी डोंगरासारखेच स्थिर भासते. लढाऊ विमानांचे वैमानिक याचा जाणीवपूर्वक फायदा घेतात. तेव्हा रडारला आधार उरतो तो आधीच्या ट्रॅकचा : भाकितावर तो काही फेऱ्या पुढे नेला, की विमान दिशा बदलून पुन्हा गेटमध्ये सापडण्याची शक्यता असते.

आता पवनचक्की. तिचा मनोरा स्थिर असल्याने वजा होतो. पाती मात्र होत नाहीत. मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचे टोक सेकंदाला ७०-८० मीटर वेगाने फिरते, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक. हा एखाद्या छोट्या विमानाचा वेग झाला. त्यामुळे डॉप्लरची चाळणी पात्यांना अडवू शकत नाही आणि त्या जागी प्लॉट उमटत राहतात. एकटी पवनचक्की ट्रॅकच्या पायरीवर ओळखू येते, कारण ‘वेगाने जाणारी’ ही वस्तू फेरीमागून फेरी तेथेच असते. खरी पंचाईत पवनचक्क्यांच्या मोठ्या समूहात होते. या फेरीत एकीचा प्लॉट, पुढच्या फेरीत शेजारणीचा, असे जोडले गेले तर कोठेच नसलेल्या विमानाचा ट्रॅक सुरू होतो. त्यामुळे तेवढ्या पट्ट्यात नवा ट्रॅक सुरू करू नये, बाहेरून आलेला जुना ट्रॅक मात्र चालू ठेवावा, अशी सूचना संगणकाला देतात. ब्रिटनमध्ये संरक्षण खात्याने काही पवनऊर्जा प्रकल्पांना याच कारणावरून हरकत घेतली होती. आपल्या पत्रातला प्रश्न तेथील अभियंत्यांपुढेही होता तो असा.

प्रश्न (एक वाचिका, पणजी) : पडद्यावर ट्रॅकशेजारी विमानाची ओळख आणि उंची लिहिलेली असते. ती प्रतिध्वनीतून कशी मिळते?

उत्तर : ती प्रतिध्वनीतून मिळत नाही. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर विचारणा केली जाते आणि विमानातील ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. त्या उत्तरात ० ते ७ या आकड्यांचा चार अंकी संकेत असतो (असे एकूण ४०९६ संकेत होतात) आणि विमानाच्या स्वतःच्या वायुदाबमापकावरून काढलेली उंचीही असते. ओळख सोबत आल्यामुळे प्लॉटची सांगड घालणे फार सोपे होते. ट्रान्सपाँडर बंद असला, तर मात्र वर सांगितलेली सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

प्रश्न (एक वाचक, नागपूर) : तोफगोळ्यासारख्या अतिवेगवान वस्तूला ५ सेकंदांत एकदा पाहून कसे भागेल?

उत्तर : अजिबात भागणार नाही. अशा वस्तूसाठी झोत तिच्यावरच धरून ठेवावा लागतो. महायुद्धात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या रेडिएशन लॅबोरेटरीने तयार केलेले एससीआर-५८४ हे रडार आपला झोत अक्षापासून किंचित तिरका ठेवून गरगर फिरवत असे. लक्ष्य बरोबर अक्षावर असेल तर प्रतिध्वनी एकसारखा येई. बाजूला सरकले की तो फेरीबरोबर कमी-जास्त होऊ लागे, आणि त्या चढउतारावरून मोटारी अँटेना वळवून लक्ष्य पुन्हा मध्यावर आणत. १९४४ मध्ये इंग्लंडवर येणाऱ्या जर्मनीच्या व्ही-१ या उडत्या बॉम्बविरुद्ध तोफांचा नेम साधण्यासाठी ही रडारे वापरली गेली. या पद्धतीत लक्ष्याचाच प्रतिध्वनी काही कारणाने लुकलुकला तर फसगत होते. म्हणून पुढे एकाच स्पंदाचा प्रतिध्वनी शेजारशेजारच्या चार झोतांतून एकदम घेऊन त्यांची तुलना करण्याची रीत आली.

आज हे काम बहुधा न हलणारी अँटेना करते. तिच्या पृष्ठभागावर शेकडो किंवा हजारो छोटे घटक असतात. प्रत्येकातून निघणारी लहर शेजाऱ्यापेक्षा जराशी मागे-पुढे केली की संपूर्ण झोत दुसऱ्या दिशेला वळतो, तोही काही मायक्रोसेकंदांत. त्यामुळे कोणाकडे केव्हा पाहायचे हे फेरीने ठरत नाही, ट्रॅक ठरवतो : सरळ जाणाऱ्याकडे अधूनमधून, वळणाऱ्याकडे वारंवार, आणि उरलेल्या वेळात नव्यांचा शोध.

भारतीय सैन्याचे ‘स्वाती’ हे शस्त्रस्थान शोधणारे रडार याच जातीचे आहे. ‘डीआरडीओ’च्या बेंगळुरू येथील एलआरडीई या प्रयोगशाळेने ते विकसित केले असून उत्पादन भारत इलेक्ट्रॉनिक्स करते. तोफगोळ्याला इंजिन नसते. एकदा नळीतून सुटल्यावर गुरुत्व आणि हवेचा रोध यांखेरीज त्याच्यावर फारसे काही चालत नाही. त्यामुळे चढत्या वाटेवरील काही सेकंदांचा ट्रॅक हाती आला, की तोच मार्ग गणिताने पुढे नेऊन गोळा कोठे पडेल ते सांगता येते आणि मागे नेऊन तो कोठून सुटला तेही काढता येते. मात्र ही वक्ररेषा जमिनीला नेमकी कोठे टेकते, हे जमिनीच्या उंचीवर अवलंबून असते. सपाट मैदानात ही अडचण जाणवत नाही. डोंगराळ मुलखात उंचीचा अंदाज १०० मीटरने चुकला, तर तोफेची जागाही त्याच प्रमाणात चुकते. म्हणून अशा रडारच्या संगणकात त्या प्रदेशाचा उंचीसह नकाशा आधीच भरून ठेवावा लागतो.